पाचोळ्याच्या बाजूने

जानेवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी पावणेसातला, बाबा गॅलरीचं दार उघडून बाहेर गेले आणि दोन मिनिटांत छातीवर हात धरून आत आले. त्यांना दमा आहे. खाली पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात वाळलेल्या पानांचा ढीग धुमसत होता आणि धूर आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत येऊन तिथेच थांबला होता. वरही जाईना, बाजूलाही सरेना. पुढचा अर्धा तास नेब्युलायझरच्या घरघराटात गेला.

मी तणतणत खाली गेले. माळीकाका खराट्याने उरलेली पानं ढिगाकडे ढकलत होते.

"काका, पानं कशाला पेटवलीत? वर बाबांना श्वास घेता येत नाहीये!"

ते थांबले. म्हणाले, "ताई, लॉनवर एक पान दिसाय नाही पायजे म्हनून तुमचीच नोटीस हाय. कचऱ्याची गाडी पाला घेत नाही. मग मी काय खिशात घालू का?"

मला उत्तर सुचलं नाही, कारण नोटीस खरोखरच माझी होती. दोन वर्षांपूर्वी सोसायटीच्या कमिटीत 'यंग मेंबर' म्हणून मला घेतलं होतं. 'विंटर लॉन केअर' नावाचं आठ स्लाइडचं प्रेझेंटेशन मीच केलं होतं. रोज स्प्रिंकलर, दर आठवड्याला कटिंग, महिन्याला युरिया आणि 'झीरो लीफ पॉलिसी'. सगळे मुद्दे मी रील्स आणि परदेशी व्हिडिओंमधून उचलले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

म्हणून हे जे लिहितेय, ते आधी माझ्याच विरुद्ध आहे. पण तुमच्या सोसायटीतही अशी एक नोटीस लागलेली असण्याची दाट शक्यता आहे, म्हणून तुमच्याशीही भांडायचं आहे.

*

माझं म्हणणं सरळ आहे. महाराष्ट्रात आपण घराभोवतीच्या बागेची हिवाळ्यात जी 'काळजी' घेतो, ती बहुतेक वेळा बागेच्या विरोधात जाते. वर्षातले सगळ्यात चांगले चार महिने आपण थंडीने मंदावलेल्या गवताला जागं ठेवण्यात घालवतो, त्यासाठी पिण्याजोगं पाणी ओततो आणि जमिनीचं फुकटचं खत जाळून त्याचा धूर स्वतःच्या म्हाताऱ्यांना देतो. आणि या सगळ्याला आपण 'मेंटेन्ड' म्हणतो.

'विंटर गार्डन केअर' असं फोनवर शोधून बघा. समोर काय येतं? कोवळी झाडं गोणपाटात गुंडाळा, नळाच्या पाइपमधलं पाणी काढून टाका नाहीतर गोठेल, पानगळ झाली की लॉनवरची पानं उचला नाहीतर बर्फाखाली गवत कुजेल. हे सल्ले खोटे नाहीत. ज्या देशांत जमीन महिनोन्‌महिने गोठते, तिथे ते खरेच आहेत. तिथला हिवाळा म्हणजे बागेला झोपवण्याचा काळ.

आपल्याकडे बर्फ म्हणजे महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी कधीतरी गोठलेलं दव आणि त्याची दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. बाकी महाराष्ट्रात हिवाळा हा बाग झोपवण्याचा नाही, तर बाग उठवण्याचा मोसम आहे. पावसाळ्यातला चिखल नाही, एप्रिलमधली होरपळ नाही. स्वच्छ ऊन, थंड रात्री, जमिनीत अजून टिकलेली ओल. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं फुलांचं प्रदर्शन जानेवारीच्या अखेरीस भरतं, ते काही योगायोगाने नाही. शेवंती, डेलिया, पिटुनिया, गुलाब यांचे हेच दिवस असतात.

आणि प्रदर्शनापर्यंत कशाला जायचं? भोगीची भाजी आठवा. ओला हरभरा, गाजर, वांगी, वाल, पावटा, मटार, बोरं, वरून तीळ, सोबत बाजरीची भाकरी. संक्रांतीच्या आदल्या दिवशी कढईत जे पडतं, ती त्या हंगामात शेतात नि परसात काय पिकतं याची यादीच आहे. कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला सांगत आलंय की आपला हिवाळा खाण्याचा आणि पिकवण्याचा आहे. आपण मात्र त्या दिवशी मंडईतून पन्नास रुपयांना भोगीच्या भाजीचं तयार पाकीट आणतो आणि घरी येऊन लॉनला पाणी घालतो.

वाईजवळच्या एका गावात माझं आजोळ. आजीच्या परसात लॉन नव्हतं हे वेगळं सांगायला नको. न्हाणीघराच्या सांडपाण्यावर अळू आणि केळी, कुंपणावर वालाचा वेल, एका बाजूला हळदीचे चार वाफे, विहिरीकडे जायच्या वाटेवर गवती चहा. आंब्याची पानं गळली की ती झाडाच्या आळ्यात सारायची. बस्स, एवढीच 'पॉलिसी'. आजीने कधी खताची पिशवी विकत घेतल्याचं मला आठवत नाही. आजी काही पर्यावरणवादी नव्हती. पानं उचलून दुसरीकडे नेऊन टाकण्याएवढा वेळ तिच्याकडे नव्हता, इतकंच.

*

आता लॉनकडे येऊ.

लॉन ही मूळची इंग्लंडच्या जमीनदारांची हौस. तिथे वर्षभर हलका पाऊस पडतो, ऊन मऊ असतं, गवत आपोआप हिरवं राहतं. ते बुटकं ठेवायला मेंढ्या सोडायच्या किंवा विळे घेतलेली माणसं लावायची. ज्याच्याकडे एवढी जमीन काहीही न पिकवता नुसती बघायला ठेवण्याची ऐपत आहे, तोच लॉन ठेवू शकायचा. त्याचं सगळं आकर्षण त्यातच होतं. पुढे १८३० मध्ये एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने गवत कापायचं यंत्र बनवलं. गिरणीत कापडावरची लव कापणारं यंत्र बघून त्याला ही कल्पना सुचली होती. मग मध्यमवर्गालाही लॉन परवडू लागलं. साहेब इथे आला तेव्हा कॅन्टोन्मेंटचे बंगले आणि जिमखाने यांच्यासोबत लॉनही आलं. साहेब गेला. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये लॉन राहिलं.

आपल्या मातीत गवत नाही असं थोडंच आहे? सह्याद्रीच्या पठारांवर आणि माळांवर कुसळी, मारवेल अशी कितीतरी गवतं आहेत. पावसाळ्यात हिरवी, दिवाळीनंतर सोनेरी, उन्हाळ्यात पिवळट करडी. डिसेंबरात ट्रेकला गेल्यावर तुम्ही त्याच सोनेरी गवतात बसून फोटो काढता आणि 'गोल्डन अवर' लिहून टाकता. तोच रंग सोसायटीच्या आवारात दिसला की तुम्ही ग्रुपवर लिहिता, "लॉन मेलंय, माळी काय करतो?"

लॉन मेलेलं नसतं. आपल्याकडे लावतात ती बहुतेक गवतं उष्ण हवेतली. रात्रीचं तापमान १५ अंशांच्या खाली राहू लागलं की त्यांची वाढ मंदावते, हिरवेपणा उतरतो. मुळं जिवंतच असतात. मार्चमध्ये ऊन तापलं की ते पुन्हा उठतं. या काळात त्याला रोज पाणी लागत नाही. युरिया तर नकोच. वाढ थांबलेलं गवत तो सगळा घेऊ शकत नाही आणि उरलेला पाण्यासोबत जमिनीत खाली जातो. म्हणजे माझ्या आठ स्लाइडपैकी निदान तीन सरळ चुकीच्या होत्या.

सगळ्यात मोठा विनोद हरळीचा. आमच्या 'कार्पेट' लॉनमध्ये हरळी शिरते. नोटिशीत तिचं नाव 'तण'. माळीकाका खुरपं घेऊन दिवसभर उकिडवे बसून ती उपटतात. आणि संकष्टीच्या दिवशी कमिटीचेच एक काका गेटवरच्या फुलवालीकडून एकवीस दूर्वांची जुडी विकत घेतात. दूर्वा म्हणजेच हरळी! जी गवताची जात आपण उपटून फेकतो, तीच अमेरिकेत 'बर्म्युडा ग्रास' या नावाने लॉनसाठी मुद्दाम लावतात. पायाखाली तुडवली तरी मरत नाही, पाणी तुटलं तरी महिनोन्‌महिने तग धरते. शेतकरी तिला शिव्या देतो ते तिच्या याच चिवटपणासाठी. आवारात मुलांना खेळायला गवत हवंच असेल, तर हे गवत आपल्या पायाशी आधीच उभं आहे.

*

पाण्याचा हिशेब मी बाबांच्या त्या सकाळनंतर केला. कोणत्याही ॲपशिवाय करता येतो, तुम्हीही करा.

स्प्रिंकलर सुरू व्हायच्या आधी लॉनवर सरळ काठांचे चार स्टीलचे डबे ठेवायचे. पाणी बंद झालं की डब्यात पट्टी बुडवून पाणी किती मिलिमीटर साचलं ते बघायचं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. आमच्याकडे अर्ध्या तासात सरासरी ५ मिलिमीटर भरलं. लॉन ४०० चौरस मीटर. म्हणजे रोज २,००० लिटर.

शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं, असं सरकारी मोजमाप आहे. आमचं लॉन रोज जवळजवळ पंधरा माणसांचं पाणी पीत होतं. १०,००० लिटरचा टँकर धरला तर दर पाच दिवसांनी एक. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत चोवीस टँकर. त्याच चार महिन्यांत आमच्या ग्रुपवर "कृपया शॉवर वापरू नका, बादली वापरा" असे मेसेज फिरत होते.

माळीकाका मूळचे मंगळवेढ्याकडचे. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी तुम्ही खाल्ली असेल, निदान तिच्या हुरड्याला तरी गेला असाल. ती रब्बीची ज्वारी काळ्या मातीत धरून राहिलेल्या ओलीवर वाढते. परतीचा पाऊस बरा झाला, तर वरून पाणी न देताही पीक हाती लागतं. ज्या माणसाला ओलीवर पीक काढायची रीत ठाऊक आहे, त्याला आम्ही रोज सकाळी नळ सोडायला लावत होतो. तेही अशा गवतावर, जे कोणत्याही गाईच्या तोंडी जाणार नव्हतं. एकदा ते सहज म्हणाले, "ताई, हे गवत गावाला असतं तर दोन शेरडं जगली असती." मी हसले होते. आता ते हसणं आठवलं की लाज वाटते.

*

आणि आता पाचोळा, जिथून हे सगळं सुरू झालं.

आपल्याकडची पानगळ युरोपसारखी ऑक्टोबरात एकदम होत नाही. बदामाची पानं लाल होऊन थंडीत गळतात, काटेसावर पानं टाकून फुलायच्या तयारीला लागते, मग पुढे वर्षावृक्ष, गुलमोहर, कडुनिंब, पिंपळ. डिसेंबरपासून मार्चपर्यंत कोणाचं ना कोणाचं चालूच असतं. रोज झाडलं तरी रोज पडणार.

झाड पान टाकतं म्हणजे काही कचरा टाकत नाही. वर्षभर मुळांनी खोलवरून वर आणलेली खनिजं त्या पानात असतात. पान झाडाखाली पडतं, ओल धरतं, जमिनीला ऊन लागू देत नाही. मग बुरशी, गांडुळं, वाळवी, सहस्रपाद त्याचा भुगा करतात आणि ते पुन्हा मुळांकडे जातं. हा व्यवहार झाडाने स्वतःपुरता चोख लावलेला आहे. आपण मध्ये खराटा घालतो. पानं जाळतो, जमीन उघडी पडते, ती उन्हाने टणक होते, मग 'माती चांगली नाही' म्हणून आपण नारळाच्या शेंड्यांचं कोकोपीट विकत आणतो. जे फुकट पडत होतं ते जाळायचं आणि त्याच्याऐवजी दुसऱ्या राज्यातून आलेली वीट दोनशे रुपयांना घ्यायची. याला घरगुती बागकामाचा 'छंद' म्हणतात.

धुराचं गणित तर आणखी वाईट आहे. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवाही गार होते आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर बसतो. झाकण लावल्यासारखं. सकाळी ऊन चांगलं वर येईपर्यंत हे झाकण निघत नाही. नेमकं याच वेळी, सकाळी साडेसहा-सातला, पानं पेटवली जातात, कारण 'लोक उठायच्या आत' आवार स्वच्छ दिसायला हवं. अर्धवट ओली पानं जळत नाहीत, धुमसतात. त्यातून सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो आणि झाकणाखाली तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत येऊन थांबतो. जिथे बाबा उभे असतात.

बाबा निदान दार लावून आत आले. ढिगापाशी काठी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला दारच नव्हतं. माळीकाकांचा खोकला मी दोन हिवाळे ऐकत होते. तो 'तंबाखूमुळे' आहे असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. नंतर कळलं, ते तंबाखू खातच नाहीत.

आणि हे बेकायदाही आहे. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर बंदी घातली. साध्या प्रकारात ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनीही कचरा जाळायला मनाई केली आणि बागेतला कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवायला सांगितला. म्हणजे कायदा झाला, आजी जे करायची ते कागदावर आलं, आणि आमचा ढीग धुमसतच राहिला. कारण कोणी 'जाळा' असं म्हटलं नव्हतं. आम्ही फक्त 'दिसता कामा नये' असं म्हटलं होतं.

*

मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं तेव्हा जी उत्तरं आली ती मूर्खपणाची नव्हती. म्हणून एकेक घेते.

"मुलांना खेळायला हिरवळ नको का?" हवी. पण आमच्या लॉनवर पाटी आहे : 'लॉनवर चालू नये.' मुलं पार्किंगमध्ये गाड्यांच्या मध्ये क्रिकेट खेळतात. ज्या गवतावर मूल लोळू शकत नाही, त्याच्या बचावासाठी मुलांना पुढे करू नका. खेळायला गवत ठेवू, हरळीचं ठेवू, हिवाळ्यात पिवळं पडेल तेवढं पडू देऊ.

"पाचोळ्यात साप येतील, डास होतील." डास साचलेल्या पाण्यात होतात, वाळलेल्या पानांत नाही. सापाची भीती मात्र मी उडवून लावणार नाही. पानांचा ढीग दाराशी, पायवाटेवर किंवा मुलांच्या खेळायच्या जागी नको. जाळीच्या पिंजऱ्यात, एका कोपऱ्यात हवा. त्यात उरलेलं अन्न टाकायचं नाही, कारण अन्नाला उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. हात घालण्याआधी काठीने हलवायचं, पायात बूट हवेत.

"आम्ही तर एसटीपीचं पाणी वापरतो." खरंच वापरत असाल तर तुमच्यावरचा पाण्याचा आरोप मागे घेते. पण एकदा खाली जाऊन बघा, प्लँट चालू आहे का. आमचा वीजबिल वाचवण्यासाठी सात महिने बंद होता आणि हे कमिटीतल्या मलाही माहीत नव्हतं.

"पाणी खरं वाया जातं ते दुसरीकडे. चारशे मीटरच्या लॉनने काय होणार?" हे वाक्य मला सगळ्यात जास्त पटलं होतं, कारण त्यात तथ्य आहे. राज्याचं पाणी आमच्या लॉनने संपत नाही. पण उसाच्या पाण्यावर माझं मत कोणी मागत नाही, आणि या चारशे मीटरवर माझं एक मत आहे. शिवाय बाबांच्या छातीतला धूर राज्यातल्या उसाचा नव्हता.

"लॉन गेलं तर माळ्याचं काम जाईल." हे ऐकून मी माळीकाकांनाच विचारलं. ते म्हणाले, "गवत कापायला कोनीबी मिळंल. भाजी लावायला माळी लागतो."

*

मग हिवाळ्यात करायचं काय? तुमच्याकडे बंगल्याचं अंगण असो की ग्रिलमधल्या सहा कुंड्या, गोष्टी तशा थोड्याच आहेत.

गवत असेल तर यंत्राचं पातं वर करा. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका, उंच गवत जमिनीला सावली देतं. पाणी आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, पण खोलवर आणि सकाळी. संध्याकाळी घातलेलं पाणी रात्रभर पात्यांवर राहतं, वर दव पडतं आणि बुरशीचं फावतं. युरिया फेब्रुवारी सरेपर्यंत कपाटात.

कापलेलं गवत आणि वाळलेली पानं या दोन्ही गोष्टी आमची सोसायटी वेगवेगळी फेकत होती. खरं तर त्या एकमेकींसाठीच आहेत. नुसतं हिरवं गवत रचलं तर ते चिकट होऊन वास मारतं. नुसती पानं रचली तर ती वर्षभर तशीच बसतात. तीन घमेली पानं, एक घमेलं गवत, वर मूठभर जुनी माती किंवा शेणखत, पिळलेल्या फडक्याएवढी ओल. असे थर लावत जायचे, दोन-तीन आठवड्यांनी उलटायचे. पावसाच्या आधी काळी भुसभुशीत माती हातात येते. तिला पावसाळ्यातल्या जंगलासारखा वास येतो.

हे माझं संशोधन नाही. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा करून कितीतरी लोकांना थोड्या जागेत, थोड्या पाण्यात पिकवायला शिकवलं. पानावर पडणारं ऊन हेच खरं भांडवल, अशी त्यांची मांडणी होती. आज पुण्यात वाळलेल्या पानांची देवाणघेवाण करणारे लोक आहेत. ज्याच्याकडे झाडं आहेत तो पोती भरून ठेवतो, ज्याच्याकडे गच्ची आहे तो घेऊन जातो. पाचोळ्याला मागणी आहे, हे आमच्या कमिटीला सांगितल्यावर कोणाचा विश्वास बसला नव्हता.

कुंड्यावाल्यांनी कुंडीच्या तळाशी निम्म्यापर्यंत दाबून पानं भरावीत, वर माती. कुंडी हलकी होते, पाणी धरते. मेथी विस्कटून पेरा, महिन्याभरात जुडी निघते. कोथिंबिरीसाठी धने हलके रगडून दोन फाकी करून पेरा. मुळा दीड महिन्यात तयार होतो, तोवर त्याचा पाला खा. गाजर थेट जागेवरच पेरा, त्याला जागा बदललेली आवडत नाही. मातीच्या वर दोन बोटं पाचोळ्याचं आच्छादन ठेवा, झारी अर्ध्यावर येईल. वालावर काळा मावा पडला तर घाबरू नका, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने उडवा, नाही गेला तर निंबोळी अर्क. आणि एखादं रोप मेलं तर मेलं. रीलमध्ये मेलेली रोपं दाखवत नाहीत म्हणून आपल्याला वाटतं फक्त आपलीच मरतात.

*

फेब्रुवारीत सोसायटीची विशेष सभा झाली. मी ठराव मांडला : निम्मं लॉन काढून तिथे भाजीचे वाफे करावेत, उरलेल्यात हरळी राहू द्यावी आणि पानं जाळणं पूर्ण बंद करावं. या वेळी स्लाइड नव्हत्या. चार स्टीलचे डबे नेले होते आणि बाबांना नेलं होतं.

ठराव पडला. बाजूने १२, विरोधात ३१. "गेटमधून आत आल्यावर पहिलं काय दिसतं यावर फ्लॅटची किंमत ठरते," असं एक काकू म्हणाल्या आणि बऱ्याच माना हलल्या. त्या काकू वाईट नाहीत. त्यांना पुढच्या वर्षी मुलीच्या शिक्षणासाठी फ्लॅट विकायचा आहे.

पण जाळणं बंद करण्याचा भाग वेगळा मतदानाला टाकला, तो एकमताने मंजूर झाला. बाबांसमोर कोणाचा हात विरोधात वर गेला नाही. पानांसाठी ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडची दहा बाय दहा फुटांची जागा मिळाली, जूनपर्यंत, वासाची एक जरी तक्रार आली तर बंद या अटीवर. स्प्रिंकलर रोजऐवजी आठवड्यातून दोनदा झाला, तो मात्र टँकरचं बिल बघून.

जाळीच्या पिंजऱ्यात आता माझ्या खांद्याएवढा पाचोळा आहे. माळीकाकांनी त्याच्या कडेला कोणालाही न विचारता वालाच्या चार बिया टोचल्या आणि वेल जाळीवर चढलाय. त्याला ठरावात जागा नाही. कमिटीने अजून पाहिलेला नाही, किंवा पाहून गप्प आहे.

तुम्ही हे वाचत असाल तेव्हा बहुधा घरीच असाल. उद्या सकाळी सातच्या आत एकदा खाली जा आणि जो कोणी खराटा मारत असेल त्याला विचारा, की काका, ही पानं पुढे कुठे जातात? उत्तर ऐकून झालं की तुमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डापाशी जा. तिथे खाली कोणाची सही आहे, तेही बघून घ्या.